तीन आयपीस आणि छावणीतला एक तास

पुणे

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला म्हणून खूश झालेला महाराष्ट्रातला एकमेव माणूस बहुधा मीच असेन. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढे वाचणारा आपणहून शोधून काढतो आणि मग जास्त राग करतो.

आमचं हौशी आकाशनिरीक्षकांचं एक मंडळ आहे. त्यात विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला मी, दोन दातांचे डॉक्टर आणि बाकी बायकोला घाबरून गच्चीवर जाणारे पुरुष आहेत. मंडळाला नव्या दुर्बिणीसाठी एक उत्तम आयपीस घ्यायचा होता. आयपीस म्हणजे दुर्बिणीला जिथे डोळा लावतो ते भिंगांचं छोटं नळकांडं. दुर्बीण कितीही मोठी असो, शेवटी सगळं आकाश त्या नळकांड्यातूनच डोळ्यात शिरतं. आमच्यापुढे तीन उमेदवार होते. एक जर्मन, एक जपानी, एक अमेरिकन. तिन्ही महागडे, तिघांची ताकद सारखी, तिघांत दिसणारा आकाशाचा तुकडाही जवळपास सारखाच. फरक असलाच तर सुताचा. आणि सुताच्या फरकावर तीन-तीन तास बोलणारा मंडळात एकच माणूस असल्यामुळे परीक्षेचं काम माझ्याकडे आलं.

जर्मन आणि जपानी आयपीस ओळखीच्या मंडळींकडून उसने घेतले होते. अमेरिकन माझा स्वतःचा. पुण्याच्या आकाशात चंद्र आणि विमान एवढंच धड दिसतं, त्यामुळे खऱ्या काळोखाचा शोध चालू होता. तेवढ्यात युसूफ वडगावहून, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून, सुजाता वाघमारे नावाच्या शिक्षिकेचं पत्र आलं. त्या विज्ञान शिकवतात, स्वतः आरसा घासून आठ इंची दुर्बीण बनवली आहे, आणि माझे लेख वाचतात. पत्रात एक वाक्य होतं: 'आमच्याकडे पाऊस नाही, त्यामुळे आकाश चांगले आहे. श्रावणी अमावस्येला यावे.'

मी ते वाक्य वाचून टाळी वाजवली. पहिल्या अर्ध्याकडे लक्षच गेलं नाही.

निघण्याआधी मी निकालाचा अहवाल टाइप करून ठेवला. पहिला अमेरिकन, दुसरा जर्मन, तिसरा जपानी. फक्त निरीक्षणांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. बायकोने तो कागद पाहिला.

"अहो, निकाल लागलाय तर परीक्षेला कशाला जाताय?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"तेही खरंच. डोळा एक लावायचा आणि भिंगं तीन न्यायची, हे मला खरंच कळत नाही," असं म्हणून तिने माझ्या पिशवीत चिवडा आणि मोज्यांचे तीन जोड भरले. मोजे पुढे उपयोगी पडले, पण पायांना नाही.

बीड

एस.टी.चा प्रवास सांगत बसत नाही. आयपीसची पेटी पूर्ण वेळ मांडीवर होती आणि गाडी खड्ड्यात गेली की मी पेटीवर ओणवा होत होतो, एवढ्यावरून कल्पना करावी. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं, "बाळाच्या अस्थी हायत का वो?" मी नाही म्हटलं तरी त्या माझ्याशी हळू आवाजातच बोलत राहिल्या.

बीडच्या स्टँडवर केजची गाडी लागायला वेळ होता. कोचिंग क्लासच्या फलकांखाली चहाच्या टपरीवर बसलो. एका रिक्षावाल्याने पेटीकडे बोट केलं.

"काय हाय ह्याच्यात?"

"आकाश बघायची भिंगं."

"अरे वा! मग बघून सांगा की, पाऊस कधी हाय?"

टपरीवरचे सगळे माझ्याकडे वळले. चेष्टेने नव्हे, खरोखरच. मी घाईघाईने सांगितलं की ही भिंगं लांबच्या ताऱ्यांची आहेत, ढगांचं त्यात काही कळत नाही. रिक्षावाला पेटीवर वाकला.

"म्हंजे जे जवळ हाय ते न्हाई दिसत, आन् जे लई लांब हाय तेच दिसतंय?"

"तसंच काहीसं."

"आमच्या पुढाऱ्याकडं बी असलीच भिंगं हायत," तो म्हणाला. चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत. पाहुणा म्हणून.

युसूफ वडगाव, पहिला दिवस

वाघमारेबाई स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, ताठ, आणि चष्मा असा जाड की काचेआड डोळे बटणाएवढे दिसावेत. सोबत धाकटा भाऊ मिलिंद. तो गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. दुष्काळामुळे संस्थेनेच गावाबाहेरच्या माळावर जनावरांची चारा छावणी चालवायला घेतली होती, त्यामुळे मिलिंदच्या अंगावर कायम उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचा, भुसा असे.

घरी त्यांच्या आईने ज्वारीची भाकरी, येसरची आमटी आणि मिरचीचा ठेचा वाढला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली बाईंच्या शाळेच्या वह्यांची चळत. आमटी अशी होती की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नको-नको म्हणत ताट पुढे केलं. पुण्यात आम्ही पाहुण्याला 'जेवूनच आला असाल' म्हणतो. इथे जेवून आलेल्यालाही पुन्हा बसवतात.

दुपारी मी आंघोळीला गेलो. न्हाणीत एक बादली भरलेली होती. पुणेकर माणूस, प्रवासाचा घाम, मी साबण लावून, डोकं धुऊन, सगळी बादली ओतली आणि दार किलकिलं करून म्हणालो, "आजी, आणखी एक मिळेल का?"

बाहेरून आजींचा आवाज आला. "बाबा, ती चौघांची होती."

साबण अजून कानात होता. मी तसाच टॉवेलने पुसून बाहेर आलो. रागावणं दूरच, उलट आजींनी चहा दिला, ते जास्त लागलं. पुढचे दोन दिवस मी ओल्या रुमालाने अंग पुसलं आणि त्याबद्दल स्वतःचं फार कौतुक केलं.

संध्याकाळी दुर्बीण पाहायला माळावर गेलो. बाईंची दुर्बीण शाळेच्या मोडक्या बाकांच्या लाकडातून उभी केलेली, पण आरसा मी दोनदा वाकून पाहिला. असा आरसा हाताने घासायला महिनोन्‌महिने लागतात. मी आयुष्यात काहीच घासलेलं नाही, फुशारकी तेवढी मारली आहे. मोठ्या तोऱ्यात मी पेटी उघडली, माझा अमेरिकन बसवला आणि हात सोडला. आयपीसच्या वजनाने दुर्बिणीने मान टाकली ती थेट मातीत. मिलिंदने एका बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणून मागच्या टोकाला बांधली. तोल सावरला. त्यानंतर दुर्बीण हलवली की छुमछुम व्हायचं, आणि छावणीतली जनावरं माना वळवून बघायची.

पण खरी अडचण वेगळीच होती. छावणीत आठ हॅलोजनचे दिवे होते. जनरेटर धडधडत होता आणि माळ नुसता लख्ख. मी छावणीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते दूध संस्थेचेही अध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मोठी जमीन, पांढरी टोपी आणि आवाज असा की जनरेटर बारीक वाटावा.

"लाइट बंद? कावून?"

"अंधार हवाय, अण्णा. निरीक्षणासाठी."

"अंधार बघायला पुण्याहून आलात?" अण्णा हसले. "आमच्याकडं तर फुकट हाय. रोज आठ घंटे येतो, बिल न्हाई काई न्हाई. आन् इतकी जनावरं हायत हितं. अंधारात एखादं बिथरलं, दावं तोडलं, तर मालकाला काय सांगू? तारे बघत होतो म्हनू?"

परतताना मिलिंद माझ्यासोबत होता. मी दिव्यांना शिव्या देत होतो.

"सर, एक सांगू का? ताई तुमाला बोलायची न्हाई. तिनं दुर्बीण केली, गावाला दाखवली, तालुक्याला दाखवली. पर तिला सोताला कधी नीट दिसलंच न्हाई."

बाईंच्या डोळ्यांना सिलिंडरचा जबर नंबर होता. चष्मा काढून पाहिलं तर प्रत्येक तारा काडीसारखा लांबट दिसायचा. चष्मा लावून पाहिलं तर काच आडवी येऊन डोळा भिंगापासून लांब राहायचा, आणि मग दाराच्या फटीतून लग्न बघावं तसं मधलं एवढंसं दिसायचं. वृश्चिकाच्या नांगीशेजारी एक तारकागुच्छ आहे. अंधाऱ्या माळावर तो नुसत्या डोळ्यांनाही पुसट ढगासारखा दिसतो, आणि दुर्बिणीत त्याचे बरेच तारे सुटे होतात. दर वर्षी बाई मुलांना तो दाखवत आणि मुलं काय ओरडतात त्यावरून दुर्बीण बरोबर लागली की नाही ते ओळखत.

"एकदा तिला तो सगळाच्या सगळा दिसावा, एवढंच हाय बघा," मिलिंद म्हणाला. "म्हनून तुमाला पत्र धाडलं. तीन भिंगं आनताय म्हनल्यावर दोन दिवस झोपली न्हाई."

मी हो-हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी घुंगरमाळेचं वजन किती असेल याचा विचार करत होतो. भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, या अंतराचा एक रकाना माझ्या अहवालात होता. सगळ्यात शेवटी. पुढे कंसात मी लिहिलं होतं: 'वृद्धांसाठी'.

दुसरा दिवस, पोळा

पहाटे मिलिंदने दूध संकलन केंद्र दाखवलं. दूध फार कमी येत होतं, कॅन उचलले की आतून ठणठण वाजत. येणाऱ्या प्रत्येकाच्या दुधाचा नमुना एका छोट्या बाटलीत घेत आणि बाटलीवर नाव न घालता नुसता नंबर टाकत. तपासणारी मुलगी आतल्या खोलीत. तिला कुणाचं दूध कुठलं, काही ठाऊक नसे.

"अगोदर नाव लिहायचो," मिलिंद म्हणाला. "मंग अण्णाच्या म्हशीला बारा महिने फॅट चांगलं लागायचं. मशीन खोटं बोलत न्हाई सर, मशीनपाशी बसनारा बोलतो."

मी मनापासून हसलो. आपल्याबद्दल चाललंय हे ज्याला कळत नाही, तो असाच हसतो.

"तुमची परीक्षा बी आपन अशीच घेऊ का? नाव झाकून, नंबरानं?"

सोबत आलेल्या बाईंनी लगेच होकारार्थी मान हलवली. विज्ञानशिक्षिकाच त्या. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. शिवाय माझी खात्री होती की मी माझा अमेरिकन अंधारात, गोणीत, झोपेतसुद्धा ओळखेन. तसं मी म्हटलंही, आणि दुर्दैवाने चार लोकांसमोर.

पोळा छावणीतच होता. बैलांना न्हाऊ घालायला पाणी नव्हतं, म्हणून मालकांनी ओला फडका अंगावरून फिरवला. शिंगांना मात्र रंग, बेगड, गोंडे सगळं काही. टँकरच्या रांगेत उभं राहिलेलं गाव बैलासाठी गोंडे कुठून आणतं, हे मला आधी समजेना. पण एक म्हातारा आपल्या हाडं निघालेल्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत होता, ते पाहिल्यावर मी विचारायचं टाळलं. अण्णांनी मारुतीपुढे पावसासाठी नारळ फोडला आणि मला पुढे ओढलं.

"तुमी बी हात जोडा सर. पाहुन्याचं देव ऐकतो."

मी हात जोडले. डोळे मिटले. आणि मनात, देवाशप्पथ, असं म्हणालो: 'पाड रे बाबा पाऊस, पण आज मध्यरात्रीनंतर.' आजूबाजूला अख्खं गाव डोळे मिटून उभं होतं. डोळे उघडल्यावर मी आकाशाकडे पाहिलं. निरभ्र. सगळ्यांचे चेहरे पडले. माझा पडला नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

नारळाचा तुकडा हातावर ठेवताना अण्णाच म्हणाले, "आठ ते नऊ जनरेटरला विसावा देतो. डिझेल बी वाचंल. सनाचे लोक हायत, समदे आपापल्या जनावरापाशी बसतील. पर नऊ म्हंजे नऊ. एक मिनिट वर न्हाई."

"अण्णा, उपकार झाले."

"तुमच्यासाठी न्हाई वो," अण्णा म्हणाले. "बाईनं माझ्या तिन्ही पोरांना शिकवलंय."

छावणीतला तास

आठला जनरेटर थांबला आणि माळ एकदम शांत झाला. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू आकाश वर आलं. असं आकाश मी तिशीनंतर पाहिलं नव्हतं. आकाशगंगा दक्षिणेपासून डोक्यावरून पार गेली होती, आणि खाली शेकडो जनावरं रवंथ करत होती. माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. कुणीतरी अंधारातून म्हणालं, "काय झालं? चावलं का काई?"

मिलिंदने तयारी केली होती. माझे मोजे घेऊन, पंजे कापून, आयपीसना बाहेरून चढवले होते, म्हणजे हाताला आणि डोळ्याला सगळे सारखेच लागावेत. परीक्षक तिघे: मी, बाई आणि अण्णा. लक्ष्य तोच वृश्चिकाचा गुच्छ. मिलिंद आयपीस बसवणार, नंबर सांगणार, प्रत्येकाने पाहून आपल्या चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या जमा होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

"आयपीस तीन आहेत. नंबर चार कसे?" मी विचारलं.

"डेअरीची रीत हाय," मिलिंद म्हणाला. "तुमी बघा फक्त."

बसायला शाळेची खुर्ची होती. घुंगरं वाजली, परीक्षा सुरू झाली. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून आणलेल्या लाल बॅटरीच्या उजेडात मी पानभर लिहीत होतो. एक नंबर: 'उत्तम, पण जरा कोरडा. जर्मन.' दोन नंबर: 'कडेचे तारे पसरतात. पार्श्वभूमी राखाडी. शाळेपुरता ठीक. उघडच जपानी.'

दोन नंबरला बाई खुर्चीवरून उठेचनात. चष्मा तसाच ठेवून त्या वाकल्या होत्या आणि अजिबात हलत नव्हत्या. गुच्छ सरकत होता, वेळ जात होता. मी दोनदा खाकरलो. शेवटी नियम मोडून म्हणालोसुद्धा, "बाई, बाकीच्यांनाही बघायचंय." त्या लगेच उठल्या. चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, रागावल्या.

तीन नंबर: 'बरा. यात दम नाही.' चार नंबर: आहाहा! 'तारे कडेपर्यंत टाचणीच्या टोकासारखे. पार्श्वभूमी काळीभोर. नि:संशय अमेरिकन.' माझी छाती फुगली. आपलं लेकरू गर्दीतही ओळखू येतं.

चिठ्ठ्या जमा झाल्या. मिलिंदने माझ्याच लाल बॅटरीत त्या वाचल्या. अण्णांनी लिहिलं होतं: 'चारी बरे हायत.' निवडणुका लढवलेला माणूस. मग माझी वाचली, सगळी, विशेषणांसकट. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं जमली होती.

"सर," मिलिंद जरा संकोचाने म्हणाला, "एक नंबर जर्मन, बरोबर. तीन नंबर तुमचा अमेरिकन."

"यात दम नाही, तो?" कुणीतरी विचारलं.

"तोच. आन् दोन आन् चार एकच हाय. जपानी. डेअरीत आमी एकाचंच दूध दोन नंबरानं ठेवतो. भिंगाची न्हाई सर, बघनाऱ्याची तपासनी असती ती."

माळावर असा हशा पिकला की दोन बैल उठून उभे राहिले. अण्णा तर गुडघ्यावर थापा मारत होते. "एकच म्हैस, सर! एका घंट्यात नापास बी केली आन् पैली बी आनली!" मीही हसलो. दुसरं काय करणार? पुण्याला परतल्यावर तो टाइप केलेला अहवाल मी फाडला आणि मंडळाच्या सभेत दोन नंबर आणि चार नंबर दोन्ही शेरे मोठ्याने वाचून दाखवले. दातांचे डॉक्टर अजून मला भेटले की आधी नंबर विचारतात.

पण माळावर अजून एक चिठ्ठी वाचायची राहिली होती. बाईंची. मिलिंदने ती उलगडली आणि बॅटरी जवळ धरली.

"एक, नाही. दोन, दिसलं. तीन, नाही. चार, दिसलं."

बस्स. इतकंच. आमच्यात पास झालेली एकटी तीच चिठ्ठी. माझ्या शेवटच्या रकान्यातला, कंसात टाकलेला गुण, चष्म्यासकट पूर्ण चित्र देणारा, जपानीत होता, आणि दोन नंबरला त्या का उठत नव्हत्या ते माझ्या डोक्यात आत्ता शिरलं. अठरा-वीस वर्षं वाट पाहून दिसलेली गोष्ट, आणि मी खाकरत होतो. एवढा ओशाळलो की तोंड लपवायला अंधार होता याबद्दल अण्णांचे मनातल्या मनात आभार मानले.

"बाई, बसा," मी म्हणालो. "आता कुणी उठवणार नाही."

चार नंबर अजून दुर्बिणीतच होता. बाई बसल्या. खूप वेळाने, डोळा न काढता, बोलू लागल्या.

"गोल आहेत हो, सर. सगळे गोल आहेत. आणि सगळे एकदम दिसतायत. तो एक पिवळा आहे का?"

"हो. त्यातला सगळ्यात तेजस्वी. पिवळाच आहे तो."

"एकेकटा बघितला की सगळेच पांढरे वाटायचे मला. शेजारी बाकीचे दिसल्यावर कळतंय." त्यांनी डोळा काढला. "अरे मिलिंद, शीतल."

शीतल म्हणजे कोण, ते त्यांनी मला उभ्या-उभ्याच सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या सातवीच्या वर्गात होती. दुर्बिणीतून पाहून गुच्छाचं चित्र काढायला सांगितलं होतं. सगळ्यांनी काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने ठिपके काढले. शीतलने एक पिवळा काढला. बाईंनी त्यावर लाल गोल केला, 'मनाने रंग भरू नयेत' असं लिहिलं, मार्क कापले. पोरगी दुरुस्त करून आणेना. मला पिवळाच दिसला, म्हणाली. तेव्हा बाईंनी तिला वर्गापुढे उभं केलं होतं, तास संपेपर्यंत.

"मला दिसत नव्हतं आणि मी तिला खोटी पाडली," बाई म्हणाल्या. "सासरची जनावरं घेऊन ती इथंच आहे छावणीत. मी आणते तिला."

"बाई, नऊला दोन कमी हायत," अंधारातून अण्णा म्हणाले.

"अण्णा, थांबा."

मी अण्णांना कुणी असं सांगितलेलं दोन दिवसांत ऐकलं नव्हतं. अण्णा थांबले. जनरेटरपाशी उभा असलेला माणूस म्हणाला, "लावू का वो?" तर त्याच्यावरच ओरडले, "गप बे! बाई जनावरांत हाय, दिसत न्हाई व्हय?" दिसत अर्थातच नव्हती. दाव्यांच्या रांगांमधून नुसता आवाज येत होता. "शीतल! ए शीतल! कुठल्या रांगेत आहेस गं?" मागोमाग बैलांच्या माळा वाजत होत्या, आणि माणसं एकमेकांना ओरडून रांग सांगत होती.

पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे भिंगातून निसटतात. मी दुर्बिणीला डोळा लावून, छुमछुम करत, तो गुच्छ मधोमध धरून ठेवला. त्या प्रवासात माझ्या हातून झालेलं उपयोगाचं काम तेवढंच.

बाईंनी तिला हाताला धरून आणलं. विशीतली बाई, पदर खोचलेला, हाताला वाढ्याचा वास. तिला वाटलं असावं की जनावराला काही झालं. धापा टाकत होती.

"बस. बघ," बाई म्हणाल्या.

शीतलने पुण्याच्या मोज्याला डोळा लावला. मग ती हसल्याचं ऐकू आलं.

"हाय की अजून. तितंच हाय पिवळा."

"तुझं बरोबर होतं गं," बाई म्हणाल्या.

"मला म्हाईत होतं, बाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. डोळा अजून भिंगालाच होता. "पर तुमाला कवा दिसला?"

"आत्ता."

शीतल वळली. अंधारात तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं असावं, कारण ती पटकन उठली, बाईंचा चष्मा काढून घेतला, पदराच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"मंग तुमी बसा," ती म्हणाली.